बाविसावा आठवडा आणि तोंडावर आलेला जून

तुझा प्रश्न दोनदा वाचला. बाविसावा आठवडा चालू आहे, मे संपत आलाय, रोज भांडुप ते सीएसएमटी लोकल. एक डॉक्टर म्हणतात फ्लूची लस आत्ताच घ्या, दुसऱ्या म्हणतात सव्वीस आठवडे होऊ द्या, आणि सासूबाई म्हणतात पोटुशी बाईने उगाच काही टोचून घेऊ नये. मी तुझ्या जागी असते तर घेतली असती, आणि याच आठवड्यात.

मोठ्याच्या वेळी मी घेतली नव्हती. कोणी सांगितलंच नाही. तेव्हाच्या डॉक्टरांच्या फाइलवर धनुर्वाताच्या इंजेक्शनचा शिक्का होता, फ्लूचं नावही नव्हतं. सातव्या महिन्यात, ऐन जुलैत, ताप चढला. एरवी फ्लू म्हणजे दोन दिवस आल्याचा चहा आणि पांघरूण. त्या वेळी आडवी झाले की दम लागायचा आणि खोकल्याची उबळ आली की पोट दगडासारखं कडक व्हायचं. तीन रात्री पाठीशी उशा रचून बसून काढल्या. नवरा दर तासाला माझ्या बोटाला ऑक्सिमीटर लावायचा आणि आकडा मला न दाखवता स्वतःच बघायचा. निभावलं. पण धाकटीच्या वेळी कोणी विचारायच्या आत मीच दंड पुढे केला.

शेवटच्या महिन्यांत गर्भाशय वर सरकतं, फुफ्फुसांना पसरायला जागा कमी पडते, हृदयावर आधीच जादा काम असतं. त्यात फ्लू झाला तर न्यूमोनियापर्यंत जाण्याची भीती इतर बायकांपेक्षा जास्त. 2009 च्या स्वाइन फ्लूत हे सगळ्या जगाने पाहिलं. 2012 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने या लसीसाठी गरोदर स्त्रियांना सगळ्यात वरचा क्रम दिला, महिना कुठलाही असो.

आता तुझ्या दोन डॉक्टरांचं भांडण. दोघीही मनाचं सांगत नाहीयेत. आपल्याकडच्या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संघटनेची, फॉग्सीची शिफारस सव्वीस आठवड्यांपासून पुढे अशी आहे, म्हणून दुसऱ्या बाई थांबा म्हणतात. पहिल्या बाई जागतिक शिफारशीने चालतात. कागदावर दोन्ही बरोबर, पण तू कॅलेंडर घेऊन बस. सव्वीस आठवडे जूनच्या अखेरीस भरतील. लस टोचल्यावर अंगात पुरेशी ताकद यायला साधारण दोन आठवडे लागतात, म्हणजे झाला जुलैचा मध्य. मुंबईत फ्लू पावसाबरोबर वाढतो, आणि तोवर तू ओल्या छत्र्यांच्या गर्दीत लेडीज डब्यात महिनाभर उभी असशील. तू डिसेंबरात बाविसाव्या आठवड्यात असतीस तर मीही म्हटलं असतं, चार आठवड्यांनी काय बिघडतंय. हे गणित तुझ्या डॉक्टरांपुढे असंच मांड. त्यांनाही पटेल असं वाटतं.

दुसरा फायदा बाळाचा, आणि माझ्या मते तोच मोठा. सहा महिने पूर्ण होईपर्यंत बाळाला फ्लूची लस देताच येत नाही. तोवर त्याच्याकडे जे काही संरक्षण असतं ते नाळेतून तुझ्याकडून आलेलं. बांगलादेशात 340 गरोदर बायकांवर झालेला अभ्यास 2008 मध्ये छापून आला. लस घेतलेल्या आयांच्या बाळांना पहिल्या सहा महिन्यांत तपासणीत सिद्ध झालेला फ्लू 63 टक्क्यांनी कमी झाला. तुझं बाळ ऑक्टोबरच्या सुरुवातीला येईल. हिवाळ्यात फ्लूची छोटी लाट येते तेव्हा ते तीन-चार महिन्यांचं असेल, आणि बारशापासून घरात पाहुण्यांची रीघ लागलेली असेल.

फ्लूच्या लसीने गर्भपात होतो अशी जी बातमी तुला नणंदेने पाठवली, ती खोटी नाही, अर्धी आहे. 2017 मध्ये अमेरिकेतल्या एका अभ्यासात, लागोपाठ दोन वर्षं लस घेतलेल्या बायकांच्या बाबतीत तसा संबंध दिसला होता. त्याच लोकांनी आणखी मोठा अभ्यास केला, तो 2019 मध्ये आला, त्यात तसं काही आढळलं नाही. ती दुसरी बातमी कोणी फॉरवर्ड करत नाही. शिवाय तो प्रश्न सुरुवातीच्या महिन्यांचा होता, तू त्यापुढे आलीस.

लसीमुळेच फ्लू होतो हेही ऐकशील. इंजेक्शनमधला विषाणू मेलेला असतो, त्याने फ्लू होत नाही. दंड दुखतो, एखादा दिवस अंग मोडून येतं, कणकण वाटते. नाकात फवारायची लस मात्र जिवंत विषाणूची असते, ती गरोदरपणात घ्यायची नाही. आणि लस म्हणजे चिलखत नाही. साल चांगलं असेल तर ती साधारण 40 ते 60 टक्के उपयोगी पडते. त्यामुळे लस घेऊनही ताप आलाच तर अंगावर काढू नकोस, त्याच दिवशी डॉक्टरांना फोन कर. ऑसेल्टामिविर हे फ्लूवरचं औषध लवकर सुरू केलं तरच खरं काम करतं. आधीच्या कुठल्या लसीची जोरदार अ‍ॅलर्जी आली असेल, गियाँ-बारे हा नसांचा आजार कधी झाला असेल किंवा आत्ता ताप असेल, तर टोचण्याआधी सांग.

खाजगीत दीड-दोन हजारांच्या आसपास जातात. पालिकेच्या प्रसूतिगृहात नाव घातलं असेल तर तिथे आधी विचार. खोका स्वतः हातात घेऊन बघ. फ्लूचे विषाणू रूप बदलतात म्हणून लस दरवर्षी नव्याने ठरते, आणि खोक्यावर साल व गोलार्ध छापलेला असतो. आत्ता तुला या वर्षीची दक्षिण गोलार्धाची हवी. मला आमच्या कोपऱ्यावरच्या केमिस्टने गेल्या सालची काढून दिली होती, वर म्हणाला सगळ्या सारख्याच असतात. लस चार प्रकारच्या फ्लू विषाणूंवरची की तीन, यावर अडून बसू नकोस. चौथी, म्हणजे फ्लूच्या बी विषाणूची यामागाता नावाची शाखा मार्च 2020 नंतर सापडलेलीच नाही, म्हणून तीनचीही चालते. केमिस्टकडून नेणार असशील तर बर्फाच्या पिशवीतच ने.

सासूबाईंशी वाद घालू नकोस. त्यांना विचार, तुमच्या वेळी धनुर्वाताचं घेतलं होतं का. माझ्या सासूबाईंनी दोन्ही बाळंतपणांत घेतलं होतं, आणि ते आठवल्यावर त्याच माझ्याबरोबर दवाखान्यात आल्या.

आणि हो, लोकलमध्ये ज्या हाताने वरची कडी धरतेस तो दंड सिस्टरपुढे करू नकोस. दोन दिवस दुखतो.