जुन्या कॉमिक्समधून छापाचित्र करताना

मनातली धास्ती छापाचित्रात उतरवायची असेल, तर आधी 1950च्या दशकातील अमेरिकन प्रेमकथा-कॉमिक्समधले रडवेले चेहरे बारकाईने पाहा. कॉमिक्समुळे मुले बिघडतात का, यावर 1954 मध्ये अमेरिकी सेनेटच्या उपसमितीने सुनावण्या घेतल्या आणि त्याच वर्षी प्रकाशकांनी स्वतःवर कॉमिक्स कोड ही मजकूर-चित्रांवरील निर्बंधांची नियमावली लादून घेतली, त्यामुळे ही पाने त्या समाजाच्या भीतीचीही साक्ष देतात. निवडलेली चौकट जशीच्या तशी मोठी करू नका. संवादाचा फुगा रिकामा करून त्यात स्वतःचे वाक्य लिहा, आणि ते तुम्हाला खरोखर झोपू न देणारे असावे, असा माझा आग्रह आहे.

स्क्रीन प्रिंटिंगमध्ये, म्हणजे ताणलेल्या जाळीतून शाई दाबून छापताना, ठिपके ठसठशीत ठेवा: इंचाला 45 रेषांच्या हाफटोनला (ठिपक्यांच्या ओळींतून छटा दाखवणाऱ्या चित्राला) इंचाला सुमारे 200 धाग्यांची जाळी पुरते. निळा, किरमिजी आणि काळा यांच्या ठिपक्यांच्या ओळींच्या कोनांत 30 अंशांचे अंतर ठेवले नाही, तर नको असलेली नक्षी उमटते. काळी रेषा शेवटी छापा आणि काही प्रतींत ती रंगापासून दोन-तीन मिलिमीटर मुद्दाम सरकवा. स्वस्त छपाईतला हा दोष अस्वस्थता जितकी नेमकी दाखवतो, तितकी कपाळावरचे घामाचे थेंब दाखवत नाहीत.

1964 पूर्वीच्या ज्या अमेरिकन अंकांच्या स्वामित्वहक्काचे नूतनीकरण झाले नाही, ते अमेरिकेत मुक्त आहेत. तरीही प्रत्येक अंकाची नोंद स्वतंत्रपणे तपासा.