सणांमधून आणि घरातल्या रोजच्या प्रसंगांमधून मुलांना ख्रिस्ती विश्वास कसा शिकवावा?

तुम्ही लिहिलंय की नाताळ किंवा ईस्टर जवळ आला की तुम्ही मुलांना काहीतरी शिकवायला बसता आणि पाच मिनिटांत मुलं उठून जातात. नवरा चर्चला येत नाही, त्यामुळे सगळा भार तुमच्यावरच आहे. अशा वेळी प्रत्येक सणातून, प्रत्येक प्रसंगातून धडा कसा काढायचा, असा तुमचा प्रश्न. मी म्हणेन, धडा काढायला जाऊच नका. मुलांनी विचारावं असं काहीतरी घरात घडू द्या आणि मग थांबा.

ही युक्ती माझी नाही, पवित्र शास्त्राचीच आहे. निर्गमच्या १२व्या अध्यायात वल्हांडणाचा, म्हणजे मिसरच्या गुलामीतून सुटल्याच्या सणाचा, विधी सांगून झाल्यावर मोशे म्हणतो, तुमची मुलं विचारतील, या सेवेचा अर्थ काय, तेव्हा त्यांना सांगा. यहोशवाच्या ४थ्या अध्यायात इस्राएल लोक यार्देन ओलांडतात, नदीच्या पात्रातून १२ धोंडे उचलून आणतात आणि ते गिलगालला उभे करतात. कशाला? तर पुढे कधीतरी मुलं विचारतील, 'हे धोंडे कसले?' म्हणून. म्हणजे आधी डोळ्यांना दिसेल असं काही, मग मुलाचा प्रश्न, आणि शेवटी मोठ्यांचं चार वाक्यांचं उत्तर. आपण नेमकी उत्तरापासून सुरुवात करतो आणि मग मुलं ऐकत नाहीत म्हणून खट्टू होतो.

आगमनकाळातलं, म्हणजे नाताळआधीच्या चार रविवारांच्या काळातलं, मेणबत्त्यांचं चक्रही मुलांच्या प्रश्नातूनच आलं, असं सांगतात. योहान हिन्रिक विखेर्न हे हॅम्बुर्गमधले लुथरन पाळक. गरीब, निराधार मुलांसाठी त्यांनी एक आश्रम चालवला होता. तिथली मुलं रोज विचारायची, नाताळ कधी? तेव्हा १८३९ मध्ये त्यांनी गाडीच्या जुन्या चाकावर मेणबत्त्या बसवल्या: रविवारच्या मोठ्या, इतर दिवसांच्या लहान, आणि रोज एक पेटवायची. तुमच्या घरी चारच पुरेत. पहिल्या रविवारी एक पेटवा, छोटी प्रार्थना करा आणि उठा. 'सगळ्या का नाही पेटवायच्या?' हे मूल विचारेलच. मग सांगा की वाट पाहणं हाही विश्वासाचा भाग आहे, लोकांनी तारणाऱ्याची पिढ्यान्‌पिढ्या वाट पाहिली. एवढं बास. पुढचं पुढच्या रविवारी.

गव्हाणीचा देखावा करत असाल तर आणखी मजा आहे. असिसीच्या फ्रान्सिसने १२२३ मध्ये ग्रेच्चो गावात गव्हाणी मांडली तेव्हा बैल आणि गाढव आणून उभं केलं होतं. आपल्या देखाव्यातही ते असतात. आता मुलांना लूकचा २रा अध्याय द्या आणि म्हणा, यात बैल आणि गाढव शोधून दाखवा. सापडणार नाहीत. मग मत्तयच्या २ऱ्या अध्यायात मागी (पूर्वेकडून आलेले ज्ञानी) लोक किती होते ते शोधायला सांगा. आकडा कुठेच नाही. शिवाय ते गव्हाणीपाशी नाही, घरात येतात. मोठ्यांची चूक पकडायला मुलांना भारी आवडतं, आणि त्या नादात दोन अध्याय बारकाईने वाचून होतात. काही घरांत मागींच्या मूर्ती दूर कुठेतरी ठेवतात आणि रोज थोड्या पुढे सरकवत ६ जानेवारीला, प्रकटीकरणाच्या सणाला, बाळापाशी आणतात. हे काम मुलांकडे सोपवा. मोठ्या मुलांबरोबर पुढचा भागही वाचा: हेरोद राजाचा जुलूम, रातोरात मिसरला पळालेलं कुटुंब. नाताळची गोष्ट नुसती गोड नाही, हे त्यांना कळायला हवं.

ईस्टरबद्दल एकच सांगतो. उत्तम शुक्रवार आणि ईस्टर रविवार सगळे पाळतात, मधल्या शनिवारी मात्र तयारीची धावपळ असते. लूक सांगतो की येशूला पुरताना पाहिलेल्या स्त्रियांनी सुगंधी द्रव्यं तयार केली आणि आज्ञेप्रमाणे शब्बाथ दिवशी, म्हणजे यहुद्यांच्या विसाव्याच्या शनिवारी, विसावा घेतला. सगळं संपलंय असं वाटत असताना काढलेला तो एक दिवस. घरात कुणी नुकतंच गेलं असेल तर मुलांशी बोलायला मला तो शनिवार रविवारपेक्षा जवळचा वाटतो.

आता घरातल्या प्रसंगांकडे येतो. इथे माझं मत जरा कडक आहे: भांडण चालू असताना वचन काढू नका. दोन भावंडं तावातावाने भांडत असताना उधळ्या पुत्राची गोष्ट सांगितली की ती छडी होते, आणि पुढे चर्चमध्ये ती गोष्ट ऐकली तरी मुलाला मारच आठवतो. चार दिवसांनी, सगळे शांत असताना वाचा, आणि शेवटपर्यंत वाचा. सगळं उधळून परत आलेल्या धाकट्यासाठी आत मेजवानी चालू आहे, थोरला भाऊ रुसून बाहेरच उभा आहे, बाप त्याचीही समजूत घालतोय. तो आत गेला का? येशू सांगत नाही. मुलांना विचारा, तुम्ही गेला असता का? त्यांचं उत्तर दुरुस्त करू नका.

वयात येणारी मुलं असतील तर लूकच्या २ऱ्या अध्यायाचा शेवट आईबापांनी आधी स्वतःसाठी वाचावा. येशू १२ वर्षांचा. मरीया आणि योसेफ सणाहून परतताहेत, मुलगा नातेवाइकांबरोबर असेल असं धरून दिवसभराची वाट चालून जातात. तीन दिवसांनी तो मंदिरात सापडतो. मरीया विचारते, बाळा, तू आमच्याशी असं का वागलास? त्यावर तो जे बोलतो ते त्यांना समजत नाही, असं लूक सरळ लिहितो. पवित्र कुटुंबातही मुलाचं बोलणं आईबापांच्या डोक्यावरून गेलं होतं! आपल्याला सगळं कळलंच पाहिजे, हा हट्ट तिथे सुटतो. आणि तेवढ्यावर गोष्ट संपत नाही. तो त्यांच्याबरोबर नासरेथला गेला आणि त्यांच्या आज्ञेत राहिला, हेही तिथेच आहे.

क्षमा शिकवायची असेल तर मुलाची क्षमा मागा. विनाकारण ओरडलात तर 'माझं चुकलं' एवढंच म्हणा, पुढे 'पण तू सुद्धा' जोडू नका. प्रभूच्या प्रार्थनेतली ऋण सोडण्याची ओळ ती मुलं रोज म्हणतात. ती घरात चालते की नाही, हे ती बरोबर बघत असतात.

राहिला नवऱ्याचा प्रश्न. प्रेषित पौलाचा तरुण सहकारी तीमथ्य, त्याचा बाप ग्रीक होता, एवढंच प्रेषितांच्या कृत्यांत येतं. पौल २ तीमथ्य या पत्रात त्याच्या विश्वासाबद्दल बोलताना नावं घेतो ती आजी लोईस आणि आई युनीके यांची. तेव्हा एकट्या आहात म्हणून कमी पडाल असं समजू नका. नवऱ्याला चर्चला ओढू नका, पण मेणबत्ती पेटवताना बसायला जरूर बोलवा. मुलांनी त्यांना काही विचारलं तर त्यांना जे वाटतं तेच त्यांनी सांगावं, हे दोघांत आधी ठरवून ठेवा. 'मला हे पटत नाही, पण आईला का पटतं ते तिलाच विचार,' असं बाबांनी म्हटलं तरी चालेल. मूल पुढचा प्रश्न घेऊन तुमच्याकडेच येईल.