जर्मन नौदलाचं ‘निओबे’ हे शिडाचं प्रशिक्षण जहाज १९३२ मध्ये इतक्या झटपट कसं बुडालं?

वाऱ्याच्या अचानक आलेल्या तडाख्यानं ते आडवं झालं आणि उकाड्यामुळे उघड्या ठेवलेल्या हॅच (डेकवरची झाकणाची दारं) व गोल खिडक्यांतून पाणी आत घुसलं. २६ जुलैला, बाल्टिकमध्ये फेमार्न बेटाजवळ. शिडं उतरवायला सवडच मिळाली नाही. काही मिनिटांत खेळ खलास. ६९ जण गेले, जवळच्या मालवाहू जहाजानं ४० वाचवले. लष्करी न्यायालयानं कप्तानाला निर्दोष ठरवलं. पण सगळं खापर वाऱ्यावर फोडता येत नाही: निओबे मुळात १९१३ ची मालवाहू स्कूनर (एक प्रकारचं शिडाचं जहाज), डोलकाठ्या-शिडं बदलून प्रशिक्षणाला जुंपलेली. म्हणूनच तिच्या जागी आलेल्या १९३३ च्या ‘गोर्ख फोक’ या प्रशिक्षण जहाजाच्या तळाशी भरपूर वजन घातलं, खूप कललं तरी जहाज पुन्हा सरळ व्हावं म्हणून. अर्थात, हॅच उघड्या असतील तर तेही पुरत नाही.