अराजकवादी निवडणुका नाकारून 'थेट कृती' करा असं का म्हणतात? सीमाभागातल्या मराठी माणसाला त्यात घेण्यासारखं काही आहे का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा, की मत नाकारून अराजकवाद्यांना, म्हणजे वरून चालणारी सत्ता नकोच, लोकांनी आपापलं मिळून चालवावं म्हणणाऱ्यांना, नेमकं काय मिळवायचं असतं, आणि बेळगाव-खानापूर-निपाणीकडच्या मराठी माणसाने, ज्याने इतकी वर्षं मतपेटीतूनच आपलं म्हणणं मांडलं, त्याने हे का ऐकावं. शिवाय मी स्वतः काय करतो, हेही. मी बेळगाव तालुक्यातलाच. सीमाभाग महाराष्ट्रात जावा म्हणून लढणाऱ्या महाराष्ट्र एकीकरण समितीच्या सभांना वडिलांचं बोट धरून गेलेला. त्यामुळे पुस्तकातलं थोडं आणि इकडचं जास्त सांगतो.

मतदानादिवशी घरात झोपून राहा असा त्यांचा सल्ला नाही, हे आधीच सांगतो. त्यांचं भांडण आहे ते कोरा चेक देण्याशी. एकदा मत घातलं की पुढची पाच वर्षं आपल्या वतीने काय ठरवायचं ते दुसराच ठरवणार, आणि मधेच त्याला 'परत ये' म्हणायची सोय नाही. फ्रेंच भूगोलतज्ज्ञ एलिझे रेक्लू याने १८८५ साली एका पत्रात हेच लिहिलं, की मत देणं म्हणजे आपली सत्ता सोडून देणं. प्रतिनिधी त्यांनाही चालतो, पण निरोप्या म्हणून. सभेने सांगितलं तेवढंच त्याने बोलायचं. वेगळं काही बोलला तर दुसऱ्याला पाठवायचं.

दुसरा आक्षेप खुर्चीबद्दलचा. प्रुधाँ हा स्वतःला अराजकवादी म्हणवणारा पहिला नामवंत लेखक, आणि गंमत म्हणजे तो स्वतः १८४८ च्या जूनमध्ये फ्रान्सच्या राष्ट्रीय सभेवर निवडून गेला. त्याच महिन्यात पॅरिसचे कामगार रस्त्यावर उतरले. पुढे त्याने कबूल केलं की सभागृहात बसून बाहेर काय शिजतंय याचा पत्ताच नव्हता. रशियन अराजकवादी बाकुनिन त्याहून रोखठोक होता. कामगार सत्तेत गेला की तो कामगार उरत नाही आणि वरून खाली बघायला लागतो, असं त्याचं म्हणणं. यासाठी आपल्याला बाकुनिन वाचायची फारशी गरज नाही म्हणा. निवडून आलेल्या साहेबांची गाडी आपल्या गल्लीत शेवटची कधी थांबली तेवढं आठवलं तरी पुरे.

तिसरा मुद्दा मला सगळ्यात जड वाटतो, आणि तो बेळगावकराला समजावून सांगावा लागत नाही. निवडणुकीचे नियम वरच्याच्या हातात असतात. तुम्ही नियम पाळून जिंकायला लागलात की तो नियम बदलतो. २००५ साली बेळगाव महापालिकेने महाराष्ट्रात जाण्याचा ठराव केला. लोकांनी निवडून दिलेले नगरसेवक, रीतसर सभा, रीतसर बहुमत. पुढे काय झालं? महापौरांच्या तोंडाला बेंगळुरात काळं फासलं गेलं आणि राज्य सरकारने महापालिकाच बरखास्त करून टाकली. रेक्लूच्या पत्रापेक्षा हा दाखला मला जास्त पटतो.

१९९६ च्या लोकसभेचं तर विचारूच नका. सीमाप्रश्नाकडे दिल्लीचं लक्ष जावं म्हणून बेळगाव मतदारसंघात इतके अर्ज भरले गेले की शेवटी ४५६ उमेदवार रिंगणात राहिले. गावोगावचे साधे लोक उमेदवार झाले. बहुतेकांना निवडून यायचंच नव्हतं, मतपत्रिकाच निषेधाचा फलक करायची होती. त्याच निवडणुकीत आंध्रात नलगोंड्याच्या लोकांनी फ्लोराइडच्या पाण्यापायी हेच केलं, तिथे ४८० उमेदवार होते. त्याच वर्षी कायदा बदलला. लोकसभेची अनामत रक्कम ५०० रुपयांवरून १०,००० वर गेली आणि अपक्षाला दहा सूचक लागायला लागले. पाण्याचा किंवा सीमेचा प्रश्न सोडवण्यापेक्षा अर्ज महाग करणं सोपं होतं. अराजकवाद्याला हे सांगितलं तर तो नुसता हसेल.

मग थेट कृती म्हणजे काय? दगडफेक, हा बहुतेकांचा समज. अमेरिकेतली अराजकवादी लेखिका व्होल्टेरिन द क्लेअर हिने १९१२ साली त्याचा अर्थ बराच साधा लावला होता. एखादी गोष्ट व्हावी असं वाटलं आणि मधला साहेब टाळून चार जणांनी मिळून ती केली, की झाली थेट कृती. संप त्यात येतो, बहिष्कार येतो, आणि स्वतःच बांधलेला पूलही येतो. बार्सिलोनात १९१९ साली लोकांच्या तोंडी 'ला कॅनडिएन्स' असलेल्या वीज कंपनीतला संप ४४ दिवस चालला, शहरातले दिवे बंद पडले, आणि स्पेनच्या सरकारला आठ तासांच्या दिवसाचा हुकूम काढावा लागला. त्या मागणीसाठी कुणी मतदानाची वाट बघत बसलं नव्हतं.

आपल्याकडचं उदाहरण निपाणीचं. १९८१ च्या मार्चमध्ये तंबाखूच्या भावासाठी शेतकरी बैलगाड्या घेऊन पुणे-बेंगळुरू महामार्गावर बसले. सोबत शरद जोशी होते. तीन आठवडे रस्त्यावरच चूल, रस्त्यावरच झोप. त्याच काळात वखारीत तंबाखूच्या धुळीत राबणाऱ्या बायांचीही संघटना उभी राहत होती, हे लोक विसरतात. ६ एप्रिलला पोलिसांनी रस्ता मोकळा करायला गोळीबार केला आणि दहाहून अधिक शेतकरी गेले. तेव्हा थेट कृती म्हणजे फुकटचा शॉर्टकट, असं कुणी समजू नये. १९८६ च्या कन्नड सक्तीविरोधी आंदोलनातही गोळ्या चालल्या. हिंडलग्याच्या हुतात्मा स्मारकापाशी १ जूनला दरवर्षी लोक जमतात ते त्यासाठीच. आणि शरद जोशींचं पुढे काय झालं? १९९४ साली त्यांनी स्वतःचा पक्ष काढला आणि २००४ ला ते राज्यसभेत गेले. याला कुणी शहाणपण म्हणेल, कुणी प्रुधाँची चूक म्हणेल. रस्त्यावर बसलेल्या माणसाला कायम तिथेच बसता येत नाही, एवढं मात्र मला दिसतं.

गोळी न खाता होणारी थेट कृतीही इथे आहे, फक्त तिला कुणी ते नाव देत नाही. थंडी पडली की कडोली, येळ्ळूर, उचगाव, सांबरा अशा गावांत मराठी साहित्य संमेलनं सुरू होतात. पावतीपुस्तकं घेऊन पोरं घरोघर फिरतात. शाळेच्या पटांगणात मांडव पडतो, सकाळी ग्रंथदिंडी निघते, पुढे लेझीम, मागे डोईवर कलश घेतलेल्या बाया. दुपारी बाहेरगावच्या पाहुण्यांच्या पंगती उठतात. वक्त्याचं भाषण कधी कधी लांबतं, ते सोडा. ज्या भाषेला कार्यालयाच्या पाटीवर जागा मिळत नाही, तिच्यासाठी गावाने कुणाची परवानगी न मागता उभी केलेली ही सोय आहे. खानापूरच्या जंगलातल्या गावांत पावसाआधी ओढ्यावर लाकडाचा सांकव घालतात, तोही त्याच जातीचा. अशी गावं कधी कधी मतदानावर बहिष्काराची पाटीही लावतात. मग तहसीलदार येतात, रस्त्याचं तोंडी आश्वासन देतात, दुपारी रांग लागते. अराजकवाद्याच्या लेखी त्यातला सांकव खरा. बहिष्काराची पाटी म्हणजे वरच्यालाच केलेली विनंती.

आता दुसरी बाजू. स्पेनमध्ये १९३३ च्या नोव्हेंबरात अराजकवाद्यांच्या सीएनटी या कामगार संघटनेने मतदान करू नका म्हणून मोठी मोहीम चालवली. उजवे जिंकले, आणि दडपशाही झाली ती त्यांच्याच लोकांवर. १९३६ च्या फेब्रुवारीत हजारो कार्यकर्ते तुरुंगात होते, म्हणून संघटनेने बहिष्काराचा जोर सोडला. डावी आघाडी आली, कैदी सुटले. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात यादवी युद्धाच्या धुमाळीत चार अराजकवादी चक्क मंत्री झाले. तेव्हा 'कोणीही आला तरी सारखंच' हे त्यांचं म्हणणं त्यांच्याच इतिहासात पूर्ण टिकलेलं नाही.

बेळगावला हा वाद नवा नाही. १९२४ च्या डिसेंबरात गांधीजींच्या अध्यक्षतेखाली इथे काँग्रेसचं अधिवेशन भरलं. कौन्सिलात, म्हणजे इंग्रजांच्या कायदेमंडळात, शिरायचं की बहिष्कार कायम ठेवायचा यावरून काँग्रेस दुभंगली होती. गांधी, चित्तरंजन दास आणि मोतीलाल नेहरू यांच्यातल्या तडजोडीवर इथेच शिक्कामोर्तब झालं. दास-नेहरूंच्या स्वराज्य पक्षाने कौन्सिलात जावं, बाकीच्यांनी सूत कातत राहावं. टिळकवाडीतल्या काँग्रेस विहिरीपाशी सेल्फी काढणाऱ्यांना हे कुणी सांगत नाही.

सीमाभागाची खरी अडचण पुढेच आहे. अराजकवाद्याकडे आपण गेलो, तर तो आपल्या मूळ मागणीलाच हात घालेल. एका सरकारकडून दुसऱ्या सरकारकडे जाऊन काय मिळवणार, मुंबईचा पोलीस वेगळी काठी वापरतो का, असं विचारेल. याला माझ्याकडे उत्तर आहे, पण ते अर्धंच आहे. उतारा, शाळा, दवाखान्याचा कागद आपल्या भाषेत मिळणं ही रोजची गरज आहे. मराठी शाळेच्या मास्तरांचा पगार सरकारच देतं, तो काही वर्गणीतून निघणार नाही. तेव्हा सरकारला पाठ दाखवून आमचं भागत नाही. पण १९६२ साली समितीचे सहा आमदार होते, २०१३ ला दोन झाले, २०१८ आणि २०२३ ला एकही नाही, आणि प्रश्न तेव्हा होता तिथेच आहे. आमदार होते म्हणून तो सुटला नाही, आणि ते गेले म्हणून मिटलाही नाही. २०२१ च्या लोकसभा पोटनिवडणुकीत समितीच्या उमेदवाराला लाखावर मतं पडलीच की.

मी स्वतः काय करतो तेही विचारलंय तुम्ही. ग्रामपंचायतीला न चुकता मत घालतो, कारण मेंबर शेजारच्या आळीत राहतो आणि नळाला पाणी आलं नाही की सकाळी त्याच्या दारात जाऊन ओरडता येतं. विधानसभेला समितीला मत देतो ते डोकी मोजली जावीत म्हणून, आमदाराकडून काही अपेक्षा ठेवून नाही. उरलेला वेळ वाचनालयाला आणि संमेलनाच्या पावत्यांना. 'नोटा'चं, म्हणजे 'वरीलपैकी कोणीही नाही' हे बटण मात्र कधी दाबलं नाही. २०१३ पासून ते यंत्रावर आहे, पण त्याला कितीही मतं पडली तरी उमेदवारांपैकी ज्याला सगळ्यात जास्त मतं, तोच निवडून येतो.