समुद्राकाठी फिरायला घरासारखी गाडी: १२ लाख घालावेत का?

प्रश्न: बेळगावच्या उद्यमबागेतल्या एका मशीन शॉपमधून मी साठाव्या वर्षी निवृत्त झालो. पीएफ आणि ग्रॅच्युइटी मिळून ४२ लाख आले आहेत. अनगोळात स्वतःचं घर आहे, कर्ज काही नाही. घरखर्च महिना ३२ हजार. ईपीएसची पेन्शन पाच हजार आणि वरच्या खोल्यांचं भाडं सात हजार येतं. मुलगी कोल्हापुरात दिली आहे. तिकडंच एका एजंटाकडं एमएच-०९ पासिंगची जुनी १७ सीटर ट्रॅव्हलर सात लाखांत मिळतेय. आणखी पाच लाख घालून तिच्यात झोपायची आणि स्वयंपाकाची सोय करीन म्हणतो, वेल्डिंगचं काम मला येतं. दरवर्षी पावसाळ्यात महिनाभर आम्ही दोघं वेंगुर्ल्यापासून गोकर्णापर्यंत समुद्राच्या कडेनं फिरू. बाकीचे महिने गाडी भाड्यानं देऊ. बेंगळूरची कंपनी अशा गाडीला दिवसाला ८,००० घेते, मग आपल्यालाही पैसे सुटतील ना?

उत्तर: काका, यंदा गाडी घेऊ नका. फिरायला मात्र यंदाच जा.

आधी घरचा हिशेब बघू. खर्च ३२ हजार, येणारे १२ हजार, म्हणजे महिन्याला २० हजार कमी पडतात. पोस्टातल्या ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत एकाला जास्तीत जास्त ३० लाख ठेवता येतात. ८.२ टक्के दर धरला तर वर्षाला २,४६,००० व्याज, दर तिमाहीला ६१,५०० खात्यावर. महिन्याला साडेवीस हजार पडले. तुमची तूट जवळजवळ तेवढीच आहे, म्हणजे ३० लाख आधीच कामाला लागले. उरले १२. आणि गाडी १२ चीच.

हे १२ लाख तुम्हाला शिल्लक वाटतात. तसं नाही. योजनेचं व्याज पाच वर्षं आहे तेवढंच राहणार. महागाई सहा टक्के धरा, आजचा ३२ हजारांचा खर्च दहा वर्षांनी ५७ हजारांवर जातो. ती वाढ याच १२ लाखांतून भरून निघायची आहे. शिवाय नोकरी सुटली की कंपनीचा मेडिक्लेमही गेला. आयुष्मानचं पाच लाखांचं कार्ड उत्पन्न न बघता मिळतं ते ७० पुरी झाल्यावर. मधली दहा वर्षं तुमची तुम्हीच सांभाळायची आहेत. आता पॉलिसी घेतली तरी जुन्या आजारांना तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं. काकूंना शुगर किंवा बीपी असेल तर एक महिनाही घालवू नका. गाडी महाग आहे म्हणून मी नको म्हणत नाही. ती तुमच्या दवाखान्याच्या पैशांतून येतेय, म्हणून म्हणतो.

आता गाडीचा हिशेब. १२ लाखांची गाडी आठ वर्षांनी चार लाखांना गेली तरी नशीब समजा. म्हणजे वर्षाला एक लाखाची घट. १२ लाखांवरचं बुडालेलं व्याज ९८,४००. विमा, टायर, बॅटरी, सर्व्हिसिंग यांचे निदान ४५ हजार. झाले २,४३,०००. तीस रात्री फिरलात तर रात्रीला आठ हजारांच्या वर पडले, डिझेल वेगळं. म्हणजे बेंगळूरची कंपनी सांगते तोच भाव, आणि तोही आठही वर्षं न चुकता महिनाभर फिरलात तर. पंधरा रात्रींवर आलात की सोळा हजार. तेवढ्यात मालवणात कुठलीही खोली मिळेल, आणि जुलैत तर तिकडं सीझनही नसतो. दारातली वॅगनआर घेऊन अडीच हजारांच्या खोलीत तीस रात्री राहिलात तरी ७५ हजारांत भागतं.

पावसाचं वेगळं सांगायला हवं, कारण तुम्ही नेमका तोच महिना धरलाय. पंखा बसवायला टप कापला की जॉइंटला सीलंट कितीही मारा, आंबोलीतला आडवा पाऊस वाट शोधतोच. आतून पत्र्याला घाम सुटतो, तो प्लायवूडच्या कडेत मुरतो, कडा फुगते आणि तिसऱ्या दिवशी गादीला कुबट वास येतो. वर सोलर लावलात तरी जुलैच्या ढगांत बॅटरी भरायची नाही. खाली चॅसिसला खारी हवा लागते ते निराळंच. गाडी उभी कुठं करणार हाही प्रश्न आहे. वाळूत उतरवायची नाही. रुतली तर भरतीच्या आत ओढून काढायला माणसं शोधत बसाल. वेंगुर्ल्याकडच्या वाड्यांतून उंच टपाची गाडी नेताना माडाच्या झावळ्या आणि विजेच्या तारा बघत जावं लागतं. (आणि काका, समुद्राकाठी बसून ताजा बांगडा तळायचा बेत असेल तर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते. सुकट घरूनच न्या.)

एमएच-०९ स्वस्त का मिळते, तेही बघा. आपल्याकडं तशा गाड्या वर्षानुवर्षं फिरतात, मलाही दिसतात. पण दुसऱ्या राज्यातली गाडी १२ महिन्यांपेक्षा जास्त इथं ठेवायची तर कोल्हापूर आरटीओची एनओसी, इथला टॅक्स आणि केए-२२ नंबर घ्यावा लागतो. ट्रॅव्हल्सची पिवळ्या पाटीची असेल तर परमिट सरेंडर करून खासगी करणं आलं. सीटा काढून बेड बसवायचे म्हणजे मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ खाली येतं. आरटीओच्या मंजुरीशिवाय आणि आरसीवर नोंद झाल्याशिवाय चालत नाही. तुमच्या वेल्डिंगबद्दल मला शंका नाही. पण उद्या घाटात काही झालं तर विमा कंपनी तुमचं वेल्डिंग बघत नाही, आरसी बघते. त्यात घरगुती सिलिंडर आत सापडला तर क्लेम विसराच.

भाड्यानं द्यायचा विचार तर सोडूनच द्या. खासगी पासिंगची गाडी भाड्यानं देता येत नाही. व्यवसायाची करायची तर परमिट, फिटनेस, विमा सगळं बदलतं आणि महागतं, आणि साठीनंतर तुम्ही गिऱ्हाइकांचे फोन घेत बसणार. फिरायला म्हणून घेतलेली गाडी मग धंदा होते.

माझ्या मते पैसे असे लावा: ३० लाख ज्येष्ठ नागरिक योजनेत, पाच लाख बँकेच्या एफडीत, आजारपण आणि अडीनडीला. आरोग्य विम्याचा हप्ताही त्याच्या व्याजातून जाऊ दे. पाच लाख एखाद्या बॅलन्स्ड फंडात (शेअर आणि रोखे दोन्ही असणाऱ्या म्युच्युअल फंडात) घाला आणि सात-आठ वर्षं हात लावू नका. राहिलेले दोन लाख फिरायचे. त्यातून या जुलैत आठ दिवस तीच भाड्याची गाडी घ्या, ६४ हजार आणि डिझेल. आंबोली घाटानं उतरा, चोर्ला घाटानं परत या. तिलारीच्या वळणांत लांब गाडी घालू नका. काकूंना रात्री पावसात गाडीतून उतरून बाथरूम शोधायला जमतंय का, ते पहिल्या दोन रात्रींतच कळेल. यावर माझं गणित चालत नाही, त्यांनाच विचारा.

आठ दिवसांनी दोघांचंही मन तसंच असेल, तर पुढच्या वर्षी वॅगनआर विकून मारुतीची जुनी ईको व्हॅन बघा. सीट न काढता वर ठेवता येईल अशी घडीची फळी तुम्ही एका रविवारात बनवाल. वरचे लाखभर लागले तर फिरायच्या पैशातून काढा, एफडीला हात लावू नका.

एजंटानं टोकन मागितलं असेल तर देऊ नका. दिलं असेल तर आधी आरसीची प्रत मागा: फायनान्सचा बोजा उतरलाय का, टॅक्स कुठवर भरलाय, परमिट कुणाच्या नावावर आहे. यातलं एक जरी अडलं तर त्याच कारणानं टोकन परत मागा, आणि हे बोलणं फोनवर नको, व्हॉट्सॲपवर लिहून करा.