गार हवेचं रंगीत चित्र

गाडीतल्या हवेबद्दल वाचक मला विचारतात. पावसाळ्यात काचेवरच्या वाफेचे प्रश्न येतात, उन्हाळ्यात फिल्मचे, आणि कॉलेजात प्रोजेक्ट जमा करायची वेळ आली की सिम्युलेशनचे, म्हणजे हवा कशी वाहते हे संगणकावर गणिताने काढण्याचे. या वेळी सगळे एकदमच आले आहेत.

चोर्ला घाटात पावसात समोरची काच आतून धुरकट होते. मित्र म्हणतो, एसी बंद ठेव. (खानापूर)

मित्राचं ऐकू नका. एसी चालू, हवा बाहेरची, तापमान जरा वर, झोत काचेवर. एसी हवेतली ओल काढतो. एवढं करूनही वाफ जात नसेल तर केबिन फिल्टर मेकॅनिकला दाखवा.

दुकानदार म्हणतो, काळी फिल्म लावा, गाडी निम्मी गार राहील. त्याने दिव्यासमोर हात धरायला लावून फरकही दाखवला. (अथणी)

तो दिवा म्हणजे ऊन नव्हे. असल्या दिव्यातून जवळजवळ सगळी उष्णताच येते, म्हणून त्याच्यापुढे फरक डोळ्यांत भरतो. उन्हातली निम्मी ऊर्जा डोळ्यांना न दिसणारी असते, त्यामुळे फिल्म काळी आहे यावरून ती उष्णता किती अडवते हे कळत नाही. शिवाय काळी फिल्म ऊन शोषते, काच तापते आणि त्यातली काही उष्णता आतच येते. केंद्रीय मोटार वाहन नियम १०० प्रमाणे पुढची-मागची काच किमान ७० टक्के आणि बाजूच्या ५० टक्के पारदर्शक हव्यात. काळ्या फिल्मवर सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्येच बडगा उगारला आहे. पैसे देण्याआधी आरटीओत विचारा, दुकानात नको.

घरचे पाच जण कोल्हापूरला जातो. हवा आतल्या आत फिरवायचं बटण कायम चालू असतं. एसी ऑक्सिजन खातो म्हणतात, खरं का? (निपाणी)

एसी काही खात नाही, श्वास तुम्ही सोडता. स्वस्थ बसलेला माणूस तासाला साधारण १८ लिटर कार्बन डायऑक्साइड सोडतो. पाच जणांचे ९० झाले. केबिन ३,००० लिटरची धरा. गाडी अगदी हवाबंद असेल तर दहा मिनिटांत १५ लिटर, म्हणजे ५,००० पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत इतके भाग). बाहेर हाच आकडा ४२० च्या आसपास असतो. चालत्या गाडीत फटींतून हवा येते, म्हणून प्रत्यक्षात वाढ हळू होते, पण जांभया तिथूनच येतात. गाडी गार होईपर्यंत बटण चालू ठेवा, मग बंद करा. गळीत हंगामात उसाच्या ट्रॅक्टरमागे अडकलात तर तेवढ्यापुरतं पुन्हा दाबा. बाहेरची हवा घेऊनही डोकं दुखत असेल तर सायलेन्सरची गळती त्याच दिवशी तपासून घ्या, आणि डॉक्टरांनाही भेटा.

टॅक्सी चालवतो. रात्री एसी लावून काचा बंद करून तासभर झोपलं तर? (बेळगाव)

नाही. इंजिनच्या धुरातल्या विषारी कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

मॅडम, फायनल इयरला कारच्या केबिनचं सिम्युलेशन केलंय. सरासरी तापमान २४ अंश, पीएमव्ही (माणसाला किती गरम किंवा गार वाटेल याचा आकडा, शून्य म्हणजे दोन्ही नाही) शून्याजवळ. गाइड खूश आहेत. पेपर पाठवू का? (बेळगाव)

थांबा. हा प्रश्न मला दरवर्षी येतो आणि सोबतचं निळं-हिरवं चित्रही दरवर्षी तेच असतं.

तुम्ही पाठवलेल्या फाइलीत काचा उष्णतारोधक भिंती आहेत, म्हणजे तुमच्या गाडीवर ऊनच पडत नाही. माणसं म्हणजे नुसते खोके. बसलेला माणूस सुमारे १०० वॉट उष्णता देतो, ती कुठे गेली? हवा बाहेर जायची जागा तुम्ही मागच्या काचेत काढली आहे. खऱ्या गाडीत ती बहुधा डिकीच्या कडेला, बंपरमागच्या झडपेतून जाते. जागा चुकली की मागच्या सीटवरचा सगळा प्रवाह चुकतो.

आता पीएमव्ही. फँगर यांनी १९७० मध्ये मांडलेल्या या निर्देशांकात सहा गोष्टी लागतात: हवेचं तापमान, भोवतालच्या पृष्ठभागांचं तापमान, हवेचा वेग, ओल, कपडे आणि शरीराची हालचाल. तो खोलीसाठी आहे, जिथे सगळीकडे साधारण सारखीच स्थिती असते. दुपारी कोल्हापूरहून बेळगावकडे येताना ऊन चालकाच्या उजव्या हातावर, गार झोत तोंडावर आणि पाठ रेक्झिनला चिकटलेली. या माणसाची सरासरी शून्य आली तरी तो वैतागलेलाच असणार. म्हणून गाडीसाठी आयएसओ १४५०५ या आंतरराष्ट्रीय मानकात शरीराच्या एकेका भागाचं समतुल्य तापमान बघतात. ते वाचा.

शिवाय तुमचं गणित स्थिर अवस्थेचं आहे. उन्हात उभी गाडी तासाभरात बाहेरच्यापेक्षा २० अंशांनी तापू शकते. तिथून ती किती वेळात गार होते हाच तर ग्राहकाचा प्रश्न असतो, आणि तो डॅशबोर्ड आणि सीट यांच्यात साठलेल्या उष्णतेवर ठरतो.

म्हणून आधी मेश (गणितासाठी केबिनचे पाडलेले छोटे तुकडे) बारीक करून चेहऱ्याजवळचा वेग बदलतो का बघा. बदलत असेल तर उत्तर अजून तुमचं नाही, मेशचं आहे. मग कुणाची तरी गाडी मागा, ॲनिमोमीटरने चारही व्हेंटवरचा वेग मोजा, सीटवर डोकं, पोट आणि पाऊल या उंचीला थर्मोकपल (तापमान मोजायच्या तारा) लावा, आणि दोन्ही आकडे शेजारी मांडा. सॉफ्टवेअर कोणतंही चालेल, ओपनफोम फुकट आहे. न मोजता पेपर पाठवू नका. मोजल्यावर तुमच्या विभागातल्या उष्णता-संक्रमण शिकवणाऱ्या प्राध्यापकांना दाखवा, आणि मग मला.

छोट्या बसची बॉडी बांधतो. खिडक्या उघड्या असल्या की मागच्या सीटवर धुराचा वास येतो. एसीचं डक्ट बसवून झालंय, गिऱ्हाइकाला दाखवायला सिम्युलेशनचं सर्टिफिकेट मिळेल का? (उद्यमबाग)

सर्टिफिकेट मिळणार नाही. मान्यता चाचणीतून मिळते, आणि गिऱ्हाइकाला दाखवायची चित्रं मी काढून देत नाही.

धुराचं कारण मात्र सांगते. बस पळताना पुढच्या कोपऱ्यांशी हवा बॉडीपासून सुटते, तिथे दाब कमी होतो. पुढच्या खिडक्यांतून आतली हवा बाहेर ओढली जाते आणि तिची भरपाई मागच्या खिडक्या-फटींतून होते, म्हणजे आतली हवा मागून पुढे वाहते. धूर बसच्या पाठीमागेच घोटाळत असतो, तो तिच्याबरोबर आत येतो. मागच्या दाराचं रबर, वायरिंगसाठी फ्लोअरला पाडलेली भोकं आणि सायलेन्सरचे जोड आधी तपासून घ्या. पाइपचं तोंड बॉडीच्या आत राहिलंय का तेही बघा. तोवर ती बस रस्त्यावर काढू नका.

डक्टसाठी तुम्ही उशिरा आलात. पुढच्या बसचं ड्रॉइंग घेऊन छताचा पत्रा मारण्याआधी या.