जुन्या टोपोशीटवरून बेळगावचा इतिहास शोधायला सुरुवात कुठून करावी?

आपण नोकरीनिमित्त नुकतेच बेळगावला राहायला आला आहात, एक इंचास एक मैल या प्रमाणाचे जुने टोपोशीट (सर्वे ऑफ इंडिया या सरकारी नकाशाखात्याचा जमिनीची रचना दाखवणारा नकाशा) आपल्या हाती लागले आहे, आणि त्यावरून या शहराचा इतिहास कसा शोधावा, असे आपण विचारले आहे. माझे बालपण शहापुरात गेले आणि पुढे अनेक वर्षे मी हेच नकाशे घेऊन या शहरात हिंडलो, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

आधी एक व्यावहारिक गोष्ट. सर्वे ऑफ इंडियाच्या जुन्या क्रमांकपद्धतीत प्रत्येक शीट पंधरा मिनिटे अक्षांश आणि पंधरा मिनिटे रेखांश एवढाच भाग दाखवते, आणि ७४ अंश ३० मिनिटांची रेखा नेमकी बेळगावच्या पश्चिम भागातून जाते. त्यामुळे किल्ला ४८ आय/९ या शीटवर येतो आणि हिंडलगा ४८ आय/५ वर. आपल्याकडे यांपैकी एकच शीट असेल, तर दुसरी मिळवल्याशिवाय शहर पुरते दिसणार नाही. दोन्ही शीट एकाच वर्षीच्या सर्वेक्षणाच्या असाव्यात याकडे लक्ष द्या. सर्वेक्षणाचे वर्ष, छपाईचे वर्ष आणि पुनर्मुद्रणाचे वर्ष ही तीन वेगळी वर्षे असतात, आणि नकाशावरची जमीन ही सर्वेक्षणाच्या वर्षाची असते.

नकाशा उघडल्यावर कोणीही किल्ला, देवळे, छावणी यांकडे वळतो. माझा आग्रह असा की, पहिल्या दिवशी फक्त हद्दी पाहाव्यात. तुटक रेघा आणि ठिपके यांच्या ज्या साखळ्या नकाशावर दिसतात, त्या शीटच्या तळाशी दिलेल्या खुणांच्या सूचीशी ताडून पाहा आणि रंगीत पेन्सिलीने एका छायाप्रतीवर गिरवून घ्या. सीमेवरचे शहर म्हटले की आपण सीमा शहराबाहेर कुठेतरी आहे असे समजतो. बेळगावची एक सीमा मात्र १९४८पर्यंत आजच्या शहराच्या आतूनच जात होती. बेळगाव हा मुंबई इलाख्यातला, म्हणजे थेट इंग्रजी अमलाखालचा मुलूख होता, आणि त्याला लागून असलेले शहापूर हे सांगली संस्थानातले गाव होते. आज कपिलेश्वर मंदिराजवळच्या पुलावरून जाताना आपण एका शहराच्या एका भागातून दुसऱ्या भागात जातो. आमच्या आजीच्या तरुणपणी हेच अंतर एका राज्यकारभारातून दुसऱ्या राज्यकारभारात नेत असे. ती शेवटपर्यंत घरातून निघताना "बेळगावला जाऊन येते" असेच म्हणत असे, आणि लहानपणी मला ते चमत्कारिक वाटत असे, कारण बाजार चालत दहा मिनिटांवर होता. हद्द म्हणजे काय ते मला पुढे नकाशावरची ती रेघ पाहूनच समजले.

सांगलीसह दक्षिणेकडची बहुतेक संस्थाने ८ मार्च १९४८ रोजी मुंबई प्रांतात विलीन झाली आणि ती रेघ पुसली गेली. त्यानंतर १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचनेत बेळगाव जिल्हा मुंबई राज्यातून तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेला, तर त्याच जिल्ह्यातला चंदगड तालुका मुंबई राज्यात राहून कोल्हापूर जिल्ह्याला जोडला गेला. गोव्याची हद्द १९ डिसेंबर १९६१पर्यंत परक्या देशाची हद्द होती. चौदा वर्षांच्या आत तीन हद्दींचा अर्थ बदलला, आणि शीटवर वर्ष नीट वाचता येत नसेल तेव्हा याच गोष्टी कालनिर्णयाला उपयोगी पडतात. शहापूरभोवती संस्थानाची हद्द असेल तर सर्वेक्षण १९४८च्या आधीचे. पश्चिमेकडच्या ४८ आय/१ या शीटवर चंदगड बेळगाव जिल्ह्यात असेल तर ते १९५६च्या आधीचे. सीमावादाबद्दल माझी मते आहेत, परंतु ती येथे मांडत नाही. एवढे मात्र सांगतो की, टोपोशीटवरील हद्द हा जमिनीच्या किंवा हक्काच्या वादातला पुरावा समजू नये. त्यासाठी महसूल खात्याचे गावनकाशे वेगळे असतात.

हद्दी गिरवून झाल्यावर वस्तीचा आकार पाहा. पूर्वेला किल्ल्याचा खंदकाने वेढलेला गोल आहे. तो १२०४ मध्ये रट्ट राजघराण्याच्या काळात बांधला गेला आणि १८१८ मध्ये वेढा घालून इंग्रजांनी घेतला. तो भुईकोट आहे हे समोच्चरेषांवरून, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषांवरून, लगेच कळते, कारण त्याच्याभोवती त्या दाटत नाहीत. येळ्ळूरच्या राजहंसगडाभोवती त्या कशा एकमेकींना चिकटतात ते तुलनेसाठी पाहा. मध्ये जुन्या पेठेचा दाट तांबडा ठिपका आहे, आणि पश्चिमेला छावणीचे सरळ रस्ते व एकमेकांपासून दूर ठेवलेले बंगले आहेत. कुठल्या राजवटीने कशी जागा वापरली, ते या तीन आकारांत शेजारी शेजारी दिसते. टिळकवाडीसाठी मात्र एकाहून अधिक वर्षांच्या शीट लागतील. महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखाली १९२४ चे काँग्रेस अधिवेशन त्या भागात भरले होते आणि तेव्हा खोदलेली काँग्रेस विहीर आजही आहे, म्हणून तिच्याभोवतीची वस्ती कशी वाढत गेली हे पाहण्यासारखे आहे.

जुना नकाशा आजच्या उपग्रहचित्रावर बसवायचा असेल, तर क्यूजीआयएस ही मोफत संगणकप्रणाली पुरेशी आहे. केवळ कोपऱ्यांतले अक्षांश-रेखांश भरून काम करू नका, कारण जुन्या शीट सर्वेक्षक जॉर्ज एव्हरेस्ट यांनी मांडलेल्या पृथ्वीच्या आकारमानावर आधारलेल्या आहेत आणि आजचे जीपीएस वेगळ्या आधारावर चालते; त्यामुळे सगळा नकाशा सरकलेला दिसतो. किल्ल्याचे दरवाजे, रेल्वेचे पूल, टिळकवाडीतली पहिले, दुसरे आणि तिसरे रेल्वे गेट अशा न हललेल्या जागा एकमेकींशी जुळवा. अधिक विस्तृत परिसरासाठी अमेरिकी लष्कराच्या नकाशाविभागाने १९५०च्या दशकात काढलेले १:२,५०,००० प्रमाणाचे नकाशे टेक्सास विद्यापीठाच्या ग्रंथालयाने सर्वांसाठी खुले ठेवले आहेत.

शेवटी पाण्याकडे वळा. माझ्या मते आपल्या शीटचा सर्वांत मोलाचा भाग तोच आहे. शहराच्या दक्षिणेकडून वाहणारा बळ्ळारी नाला, त्याला मिळणारे ओहोळ आणि तळी निळ्या-काळ्या रेघांनी दाखवलेली असतात. शहापूर, वडगाव आणि येळ्ळूरच्या ज्या शिवारात बेळगावचा प्रसिद्ध बासमती पिकत आला, तेच शिवार आता दर पावसाळ्यात या नाल्याच्या पाण्याखाली जाते आणि शेतकऱ्यांची लावणी वाया जाते. नाल्याच्या दोन्ही बाजूंच्या समोच्चरेषा किती लांब लांब आहेत ते मोजा, आज तेथे कोणती घरे आणि कोणते भराव आहेत ते त्यावर मांडा, आणि जुलै महिन्यात छायाप्रत घेऊन येळ्ळूर रस्त्यावर जा. तेथील एखाद्या वयस्क शेतकऱ्याला पाणी पूर्वी कुठवर चढत असे ते विचारा, आणि त्याने दाखवलेली जागा तारखेसह नकाशावर लिहून ठेवा.